सोलरचा सांगाडाही तपासून घ्या

संपादक महोदय,

पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, म्हणून मालवणात घरोघरी सोलर बसते आहे. पॅनेलची हमी २५ वर्षांची, पण खालचा सांगाडा? दर पाडायला पातळ जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप जागेवरच कापून वेल्ड करतात, वर चंदेरी रंग मारतात. वेल्डिंगने जस्त जळते आणि खाऱ्या वाऱ्यात गंज तिथूनच धरतो.

मी फॅब्रिकेशन करतो. भोके पाडून मग हॉट डिप केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला सांगाडाच इथे टिकेल. पण त्यासाठी माल घाटावर पाठवावा लागतो आणि थोड्या मालाला गाडीभाडे परवडत नाही. कंत्राटदारांनी एकत्र माल पाठवावा. ग्राहकांनीही कोटेशनमध्ये सांगाड्याचे वजन, जस्ताचा थर किती मायक्रॉन आणि नटबोल्ट कशाचे, हे लिहून मागावे.

– एक फॅब्रिकेटर, मालवण