शेवटचा डिफेंडर म्हणजे लगेच रेड कार्ड नाही

संपादक साहेब, नमस्कार.

फुटबॉलच्या मॅचमध्ये गोल करायला निघालेल्या खेळाडूला डिफेंडरनं फाऊल करून अडवलं की कॉमेंटेटरपासून सगळेच ओरडतात, "अरे शेवटचा डिफेंडर होता, रेड द्या रेड!" रेड कार्ड म्हणजे खेळाडू थेट मैदानाबाहेर. पण शेवटचा डिफेंडर म्हणून रेड, असं नियमात काही नाहीच. गोलची नक्की संधी हुकवली का हे ठरवायला रेफरी चार गोष्टी बघतो, फाऊल गोलपासून किती लांब झाला, खेळ कुठल्या दिशेनं चालला होता, बॉल ज्याला अडवलं त्या खेळाडूच्या ताब्यात राहिला असता का, आणि बाकीचे डिफेंडर कुठे आणि किती होते. शेवटचाच माणूस असला पण बॉल कॉर्नर फ्लॅगकडे पळत असेल तर रेड कशाला?

2016 पासून अजून एक बदल झालाय, बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, खरंच बॉल खेळायच्या नादात फाऊल झाला आणि पेनल्टी मिळाली तर यलो कार्डवर, म्हणजे ताकिदीवर भागतं, ओढलं किंवा ढकललं तर मात्र रेडच. मला हे पटतं. पण मुद्दाम अडवलं तर कधी कधी रेडही कमी पडतं. 2010 च्या वर्ल्ड कपला उरुग्वेच्या सुआरेझनं घानाचा गोल हातानं अडवला, रेड खाल्लं, घानाच्या ग्यानची पेनल्टी बारला लागली आणि उरुग्वे पुढे गेली, म्हणजे शिक्षा होऊनही फायदा त्यांचाच!

आणि अ‍ॅडव्हांटेज दिला, म्हणजे फाऊल होऊनही खेळ चालू ठेवला, की लोक म्हणतात रेफरीला फाऊल दिसलाच नाही. अहो दिसलेला असतो, तो एक किंवा दोन्ही हात पुढे करून तेच सांगत असतो, आणि काही सेकंदात फायदा झालाच नाही तर मागं येऊन फ्रीकिक देतो. कॉमेंटेटरनी एवढं तरी सांगावं की राव.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक