संज्या, आधी ब्रेकची हवा काढ

कोथरूड, पुणे
कोजागरीचा आदला दिवस

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू सांगितलंस, काकांची मारुती झेन तीन वर्षांनी शेडमधून काढली, बॅटरी टाकली, टायर टाकले, आणि आता दिवाळीत सगळ्यांना घालून आंबा घाटातून रत्नागिरी. ब्रेकचं विचारलं तर म्हणालास, "लागतात की!" श्रावणापर्यंत मीही हेच म्हणत होतो. काकू शेजारी होत्या म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता सविस्तर लिहितो, एकट्याने वाच.

आमची मारुती आठशे तुला माहीत आहे. १९९६ची, बाबांनी घेतलेली. श्रावणातल्या एका रविवारी आईला घेऊन सिंहगडावर गेलो. पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही, सगळं यथासांग झालं. उतरताना गाडी न्यूट्रल केली. ही बाबांची शिकवण, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं? बाबा तर किल्लीसुद्धा बंद करायचे. रविवारची गर्दी, त्यामुळे पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास आला. वाटलं, पुढच्या गाडीचा असेल. पुढच्या वळणावर पेडल दाबलं आणि मघाच्या दह्यात पाय घातल्यासारखं ते सरळ तळाला गेलं.

चार-पाच वेळा दणादण पंप मारला तेव्हा कुठे थोडं पकडलं. दुसरा गिअर, मग हळूहळू हँडब्रेक, आणि डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. मागून आई म्हणाली, "इथे का थांबलास रे? इथे कणसंही नाहीत."

अर्ध्या तासाने पेडल पहिल्यासारखं टणक. संज्या, मला घाम फुटला तो तेव्हा. खाली आल्यावर कोणी ब्रेक तपासले असते तर त्यानेही "लागतात की" म्हणूनच परत पाठवलं असतं. पहिल्या गिअरमध्ये रांगत घरी आलो.

ब्रेक ऑईल नुसतं नावाचं ऑईल. ते असतं ग्लायकॉलच्या जातीचं आणि पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं. झाकणातून, रबरी नळ्यांतून, गाडी उभी असली तरी. डॉट ३ दर्जाचं ऑईल नवीन असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये असा नियम. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच हमी १४० वर येते. घाटात डिस्क तापली, कॅलिपरमधलं, म्हणजे डिस्कला पॅडने आवळणाऱ्या भागातलं, ऑईल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. पातळ पदार्थ दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे माझा पाय चाक अडवत नव्हता, बुडबुडे चेपत होता. गार झालं, वाफ विरली, ब्रेक परत.

बाबांची गाडीची वही काढली. प्रत्येक लिटर पेट्रोल पैशांसकट लिहिलेलं, टायरची हवासुद्धा. ब्रेक ऑईलच्या नोंदी सात, सगळ्या एकच: 'कमी होते, भरले.' बदलल्याची एकही नाही! बरं, पॅड झिजले की ब्रेक ऑईलच्या टाकीतली पातळी आपोआप उतरते. वरून भरत राहिलं तर गाडी जे सांगत असते तेही ऐकू येत नाही.

मग अंगात आलं. चारही चाकांना डिस्क बसवायच्या, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवायचा, सुटे भाग जुन्या बाजारातून आणायचे. आमच्या मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. "जुन्या बाजारातून ब्रेकचा माल? साहेब, त्यापेक्षा चप्पल घासून थांबवा." मागच्या डिस्कला साफ नकार. बूस्टरचं नंतर बघू, म्हणाले, आधी घाण काढा.

तर घाण काढली. पेडलवर बायको, गाडीखाली मी, डोक्याशी मिस्त्री. आधी टाकीतलं काळं पाणी पिचकारीने उपसलं, फडक्याने पुसलं, नवं डॉट ४ भरलं. डॉट ३च्या गाडीत ते चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, नाव सारखं म्हणून ते उचलू नकोस. सगळ्यात लांबचं चाक आधी. चाकाशी ऑईल बाहेर सोडायचा स्क्रू असतो, तो निपल. त्याला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवलेलं. "दाब... धरून ठेव... सोड." निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. या एका वाक्यावरून आमचं दोनदा भांडण झालं. बाहेर येणारं ऑईल आधी चहासारखं, मग लिंबू सरबतासारखं, शेवटी स्वच्छ. टाकी मात्र एकदाही रिकामी होऊ दिली नाही. जवळजवळ एक लिटर गेलं.

पेडलखाली मिस्त्रींनी लाकडाचा गुटका ठेवला होता. पेडलच्या जोराने ऑईल ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रबर जिथे रोज जात नाही, तिथे गंज धरलेला असतो. पेडल पार तळाला नेलं की रबराची कड त्यावर घासून फाटते आणि धड असलेला ब्रेक त्याच दिवशी जातो. तुझ्या झेनला हे आधी लागू.

खरा चोर पुढच्या डाव्या चाकाची रबरी नळी निघाली. बाहेरून ठणठणीत, कापली तर आत इतकी सुजलेली की सुई जाईना. पायाच्या जोराने ऑईल आत जायचं, परतताना अडायचं, म्हणजे ते चाक पूर्ण घाटभर ब्रेक लावूनच फिरत होतं. सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, नाना पेठेतून नव्या आणल्या, तांब्याचे वायसरही नवे. एक थेंब मडगार्डवर सांडला आणि मी चहा प्यायला गेलो. आता तिथे रंगाला फोड आलाय. तू लगेच पाणी ओत.

महिन्याने बूस्टरही बसवला, मास्टर सिलिंडरसकट, नवा. पाय हलका झाला, बायको खूष. पण गाडी आधीपेक्षा लवकर थांबते असं मी म्हणणार नाही. बारा इंची चाकाचे टायर तेच, रस्त्याला धरणारे तेच. उलट परवा पावसात जुन्या सवयीने जोरात दाबलं तर चाकं जाम होऊन गाडी घसरली.

झेनला बूस्टर मुळातच आहे. तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांत संपला, पुढे पेडल दगड. बाबांच्या आठशेला बूस्टरच नव्हता म्हणून त्यांची किल्ली बंद करण्याची हौस पचली. काका त्याच पिढीचे. घाटात गाडी तूच चालव, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, आणि काकांना मागे बसव.

शनिवारी मागचे ड्रम उघड. व्हील सिलिंडरची, म्हणजे ड्रममध्ये ब्रेक ढकलणाऱ्या नळकांड्याची, रबरी टोपी जरा उचलून बघ, आत ओलं असेल तर तो गळतोय. निपल गंजलेले असतील, आठचा रिंग पानाच लाव, जोर करू नकोस, मोडले तर सिलिंडर गेला. काय दिसलं ते रात्री कळव. किट, नळ्या आणि दोन बाटल्या घेऊन मी रविवारी पहाटे स्वारगेटहून निघतो. पेडलवर काकूंना बसवू, त्या सांगितल्याशिवाय पाय उचलणार नाहीत.

तुझा,
अव्या