टीका मॅनेजरच्या निर्णयावर हवी, निकालावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉल संघ हरला की दुसऱ्या दिवशी चाहत्यांमध्ये ठरलेला वाद पेटतो: मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, चुकला की खेळाडू? मी स्वतः वर्षानुवर्षे या वादात हिरिरीने उतरत आलो आहे. मॅनेजरवर टीका करण्याचा चाहत्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. ‘तुम्ही कधी मैदानावर उतरलात का?’ हे त्यावरचे उत्तर मला कधीच पटले नाही. नव्वद मिनिटे डोळ्यांत तेल घालून सामना पाहणाऱ्याला डावी बाजू उघडी पडते आहे, मधल्या फळीची दमछाक झाली आहे, हे दिसतेच. माझी तक्रार वेगळी आहे. आपण बहुतेक वेळा गोलफलक पाहतो आणि त्यावरून निर्णय बरोबर की चूक ते ठरवतो. सामन्यांचे वृत्तांतही त्यालाच हातभार लावतात, म्हणून हे पत्र.

२०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्स आणि कोस्टा रिका यांचा उपांत्यपूर्व सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला. शेवटच्या क्षणी नेदरलँड्सचे मॅनेजर लुईस व्हान हाल यांनी गोलरक्षक सिलेसनला बाहेर बोलावले आणि केवळ पेनल्टी शूटआउटसाठी, म्हणजे बरोबरीनंतर आळीपाळीने पेनल्टी मारून निकाल लावण्यासाठी, दुसरा गोलरक्षक टिम क्रुलला उतरवले. क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या, संघ जिंकला आणि व्हान हाल रातोरात चाणक्य ठरले. लगेच पुढच्या फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा शूटआउट आले. पण तिसरा आणि शेवटचा बदल जादा वेळेच्या सुरुवातीलाच व्हान पर्सीच्या जागी हुंटेलारला आणण्यात खर्च झाला होता. गोलपोस्टमध्ये सिलेसनच राहिला आणि नेदरलँड्स ४-२ असे हरले. मग क्रुलसाठी एक बदल राखून का ठेवला नाही, ही ओरड सुरू झाली. गोलाच्या शोधात ताजा आघाडीवीर उतरवणे हा त्या घडीला चुकीचा विचार होता का? मला तसे वाटत नाही.

त्यानंतर सात वर्षांनी, ११ जुलै २०२१ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो स्पर्धेची, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपदाची, इंग्लंड आणि इटली यांच्यात अंतिम लढत झाली. इंग्लंडचे मॅनेजर गॅरेथ साउथगेट यांनी जादा वेळेच्या अगदी शेवटच्या मिनिटाला रॅशफर्ड आणि सँचो यांना पेनल्टी घेण्यासाठी उतरवले. कल्पना व्हान हाल यांच्यासारखीच, फक्त गोलरक्षकाऐवजी पेनल्टी मारणारे आणले. रॅशफर्डचा फटका खांबाला लागला, सँचोचा इटलीचा गोलरक्षक डोनारुमाने अडवला, १९ वर्षांच्या साकाचाही अडवला, आणि इटली विजेता ठरला. जी चाल एकदा प्रतिभा म्हणून गाजली, तीच आता मूर्खपणा ठरली. मला तो निर्णय पटला नव्हता आणि आजही पटत नाही. पण कारण पेनल्टी हुकल्या हे नाही. गोलरक्षकाला चेंडू येईल तसा प्रतिसाद द्यायचा असतो. पेनल्टी मारणाऱ्याला मात्र पाय मोकळे झालेले लागतात, चेंडूचा स्पर्श अंगात मुरलेला लागतो. त्या दोघांना तो मिळाला नव्हता. त्या पेनल्टी आत गेल्या असत्या तरी मी हेच म्हटले असते.

त्या सामन्याविषयी खरी टीका करण्यासारखी गोष्ट तर पेनल्टींच्या खूप आधी घडली होती, आणि तिची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. इंग्लंडच्या ल्यूक शॉने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. त्यानंतर इंग्लंड हळूहळू आपल्याच गोलकडे सरकत गेले. तिघांची बचावफळी दोन्ही विंगबॅक (कडेने वर-खाली धावणारे खेळाडू) मागे आल्यावर पाचांची झाली, आणि मधल्या फळीत राइस व फिलिप्स हे दोघेच इटलीच्या जॉर्जिन्हो, व्हेराट्टी यांच्या पासेसमागे धावत राहिले. चेंडू इटलीकडे, जागाही इटलीकडे. पंचावन्न मिनिटांच्या आत इटलीचे मॅनेजर रॉबेर्तो मानचिनी यांनी दोन बदल करून आक्रमणाची रचना बदलली. इंग्लंडच्या बाकावर ग्रीलिश, हेंडरसन, साका असे खेळाडू बसून होते. ६७व्या मिनिटाला बोनुचीने बरोबरी साधली, तोवर साउथगेट यांनी एकही बदल केला नव्हता. पहिला बदल झाला तो ७०व्या मिनिटाला. मानचिनी यांनी डाव हलवल्यावर त्याला उत्तर द्यायला इतका उशीर का, हा प्रश्न १-१ ऐवजी १-० असा निकाल लागला असता तरी विचारावाच लागला असता. अशी टीका मॅनेजरनेही ऐकावी अशी असते.

त्याऐवजी झाले काय? त्या तीन तरुण खेळाडूंवर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला. पेनल्टी कोण घेणार हे आपण ठरवले, जबाबदारी आपली, असे साउथगेट यांनी स्वतः जाहीर सांगितल्यावरही तो थांबला नाही. त्याला टीका म्हणणे हा आम्हा चाहत्यांचा अपमान आहे.

दुसऱ्या टोकाचे चाहतेही मला तितकेच खटकतात. मॅनेजरविषयी चकार शब्द काढला की ते अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचे उदाहरण तोंडावर फेकतात: १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये ते मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचे मॅनेजर म्हणून आले, १९८९ मध्ये त्यांनी जावे म्हणून प्रेक्षकांत फलक झळकला, १९९० मध्ये एफए कप ही इंग्लंडमधील स्पर्धा क्लबने जिंकली आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. तो इतिहास खरा आहे. पण त्या पहिल्या वर्षांत फर्ग्युसन यांनी जुन्या खेळाडूंची सद्दी मोडली, क्लबची युवा व्यवस्था नव्याने उभी केली, आणि हे काम डोळ्यांना दिसत होते. ज्या संघात तसे काहीच दिसत नाही, तिथे नुसता ‘वेळ द्या’चा जप कशाच्या आधारावर करायचा? संघ हरत असतानाही त्याच्या खेळात काही घडते आहे का, हे पाहूनच धीर धरायचा की नाही ते ठरवता येते.

आणि ते पाहण्यासाठी आम्हाला वर्तमानपत्राची मदत हवी आहे. वृत्तांतात गोल कोणी केला, किती वाजता सामना संपला, मॅनेजर सामन्यानंतर काय म्हणाला, हे सगळे असते. संघ कोणत्या रचनेत उतरला, मध्यंतरानंतर ती बदलली का, कोणता बदली खेळाडू कितव्या मिनिटाला कोणाच्या जागी आला आणि त्या वेळी गुणफलक काय होता, हे मात्र क्वचितच मिळते. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण निर्णय घेताना मॅनेजरला तेवढेच माहीत असते. क्रीडा पानावर प्रत्येक मोठ्या सामन्याच्या वृत्तांताशेजारी एवढ्या माहितीची एक छोटी चौकट द्यावी, ही कळकळीची विनंती. जागा कमी पडत असेल तर मॅनेजरच्या हताश चेहऱ्याचा फोटो लहान केला तरी चालेल.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक