मंकचा आजार म्हणजे 'सुपरपॉवर' नव्हे

रविवारच्या पुरवणीतला टीव्हीवरच्या डिटेक्टिव्हांवरचा लेख वाचला, त्यात 'मंक' या अमेरिकन सिरियलमधल्या एड्रियन मंकचा ओसीडी (नको ते विचार सतत येऊन त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) ही त्याची सुपरपॉवर असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. २००२ ते २००९ असे ८ सीझन मी दोनदा बघितलेत, मंकचं काम करणाऱ्या टोनी शलूबला ३ एमी (अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार) मिळाले ते योग्यच, पण बायकोच्या खुनानंतर याच आजारापायी मंकची सॅन फ्रान्सिस्को पोलिसातली नोकरी गेली, कितीतरी दिवस तो घराबाहेर पडला नाही आणि कुणाशी हात मिळवला की लगेच हात पुसायला वाइप द्यायला शेजारी असिस्टंट लागते, ही कसली पॉवर! बारकावे टिपणारी नजर त्याची स्वतःची, आजाराची नाही. तिसऱ्या सीझनमध्ये तो गोळ्या घेतो तर भीती जाते पण नजरही जाते, तिथे खरं तर सिरियलचंच चुकलंय (एपिसोड धमाल आहे, ते सोडा). आपल्याकडे आधीच 'अति सोवळं' म्हणून हा आजार हसण्यावारी नेतात, वर गोळ्यांनी डोकं बधिर होतं असं घरचेच सांगतात. लेखात उपचारांबद्दल एक ओळ तरी हवी होती.

– एक वाचक, नाशिक