बाटलीमा काय शे?

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या बचत गटात अकरा जणी आहोत. गेली तीन वर्षं आम्ही भांडी आणि कपडे धुण्यासाठी रिठ्याचं पाणी करून विकतो. त्याबद्दल पुढे लिहितेच, पण आधी माझ्या जाऊबाईंचं सांगते.

दोन वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकीबाळी माहेरी येणार म्हणून घराची झाडलोट चालली होती. जाऊबाई संडास घासत होत्या. दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून घेतलेलं ॲसिड त्यांनी ओतलं. डाग निघेना म्हणून पिण्याच्या पाण्यात टाकायला आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वरून टाकली. संडासाला वीतभर झरोका. दोन मिनिटांत त्या दार ढकलून बाहेर आल्या त्या खोकतच. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "बाटलीत काय होतं?" मी बाटली सोबतच नेली होती. पिण्याच्या पाण्याची जुनी लिटरची बाटली, आत पिवळसर पाणी, बाहेर कागदाचा कपटासुद्धा नाही. मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनीही आपल्या अहिराणीत तेच विचारलं, "बाटलीमा काय शे व माय?"

मला उत्तर देता आलं नाही.

जाऊबाई बऱ्या झाल्या, खोकला मात्र महिनाभर राहिला. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. खुल्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच निर्बंध घातलेत. आमच्या गल्लीत ती हाळी अजून ऐकू येते.

तेव्हापासून मी प्रत्येक बाटली उलटीपालटी करून वाचते. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर घटक लिहिलेले असतात, कारण तो सौंदर्यप्रसाधनांच्या नियमात येतो. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल सगळं लिहिलेलं असतं. पण भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फरशीचं फिनाईल यांवर किंमत, वजन, तारीख आणि कंपनीचा पत्ता सक्तीचा. आत काय घातलंय ते सांगायची सक्ती नाही. काही कंपन्या थोडंफार लिहितात, तेही इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढच्या बाजूला मात्र लिंबू, कडुनिंब आणि हिरवी पानं मोठ्ठी छापलेली. निवड करा, पर्यावरणाला जपा, असं आम्हाला सांगतात. निवडायचं कशावरून?

केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंसाठी 'इकोमार्क' आणला. मातीचा माठ ही त्याची खूण, आणि साबण व डिटर्जंट सुरुवातीपासून त्यात होते. २०२४ मध्ये त्याचे नवे नियमही निघाले. तो माठ मी आमच्या बाजाराच्या गावी दुकानादुकानांत शोधला. साबणाच्या एकाही पाकिटावर मला तो दिसला नाही.

आता हे पाणी जातं कुठे ते सांगते, कारण आमच्यासाठी खरा प्रश्न तिथे आहे. आमच्या मोरीतलं पाणी पूर्वी गटारीने बोरी नदीत जायचं. पावसाळा सरला की बोरीच्या पात्रात वाहतं ते बहुतेक सांडपाणीच, आणि पुढे बोरी तापीला मिळते. धुण्याच्या काही पावडरींतलं फॉस्फेट साचलेल्या पाण्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णी माजते. आता स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी शोषखड्डे आणि पारसबागा आल्या. चांगलं काम आहे. मी स्वतः मोरीचं पाणी वांग्याच्या आणि मिरचीच्या वाफ्यात सोडलं. दुसऱ्या वर्षी वाफ्यातली माती पाणी पिईना. वाळली की वर पापुद्रा धरायची, ओली झाली की चिकट गारा. शेतकऱ्याच्या घरातली आहे, चोपण जमीन मला ओळखू येते. धुण्याच्या पावडरीत भरपूर सोडा असतो, म्हणजे सोडियम, आणि आपल्या खान्देशच्या काळ्या मातीला सोडियम मानवत नाही. तिचे कण सुटे होतात, मग पाणी मुरायचं थांबतं. शासन एका हाताने पारसबाग देतं आणि त्याच वाफ्यात काय ओतलं जातंय ते कोणी विचारत नाही.

म्हणून आम्ही रिठ्याकडे वळलो. कृती साधी आहे. बिया काढलेली शंभर ग्रॅम टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी वीस मिनिटं उकळायची, गार झाली की कुस्करून फडक्यातून गाळायची. चहाच्या रंगाचं पाणी निघतं, त्यात थोडं लिंबूसत्त्व घालतो. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की साध्या साबणाचा फेस न होता बादलीला पांढरा चिकटा बसतो. रिठ्याला जड पाण्याचा असा त्रास होत नाही. फेस कमी दिसतो, आणि फेस नाही म्हणजे निघालं नाही, अशी सवय आम्हा सगळ्यांना जाहिरातींनी लावली आहे. ताट हाताने चोळून बघा, करकर वाजलं की तेलकटपणा गेला. तांब्यापितळेच्या भांड्यांना आमच्या आज्या चिंच लावत, आम्हीही तीच लावतो.

पण घरी केलं म्हणजे निर्धोक, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे आज मोबाइलवर पुष्कळ आहेत. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर आग आग होते. आमच्या उन्हाळ्यात ते चार दिवसांत आंबतं. पांढऱ्या कपड्यावर हलकी पिवळी झाक येते. त्याने जंतू मरत नाहीत, त्यामुळे घरात जुलाबाचा रुग्ण असेल तर पाण्यात पातळ केलेलं ब्लीचच वापरावं, एकटं, दुसरं काही न मिसळता. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की जोरात फसफसतं खरं, पण दोघांचं बळ एकमेकांतच जिरतं, उरतं ते जवळजवळ साधं पाणी. आणि लिंबू! आमच्या गटातल्या एकीने लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने आंबवून द्रव केला आणि मोठ्या हौसेने नव्या ओट्यावर ओतला. ओटा कडप्प्याचा. कडप्पा काय, शहाबादी फरशी काय, दोन्ही चुनखडीचेच दगड, आंबट लागलं की झिजतात. त्या काळ्या चकचकीत ओट्यावर तळहाताएवढा करडा डाग पडला, तो आजही तिथेच आहे. तोच द्रव नळावरचे क्षार मात्र छान काढतो. म्हणजे काय कुठे वापरायचं हे माहीत हवं, आणि ते घरच्या बाटलीलाही लागू आहे.

आमच्या भागाला साबण काही नवा नाही. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तेलाचा कारखाना निघाला आणि त्यातूनच '७८७' नावाचा कपड्यांचा साबण आला. आज जगभर नाव असलेल्या विप्रोची सुरुवात ती. त्याच तालुक्यातल्या अकरा बायका आज दोन पातेली आणि एका गाळणीवर उभ्या आहेत.

आम्ही नमुना घेऊन जवळच्या एका शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना आवडला. खरेदी जिथून होते त्या कार्यालयात सांगितलं, प्रयोगशाळेचा अहवाल आणा. रास्त आहे, मुलांच्या हाताला लागणारी वस्तू तपासलेलीच हवी. पण कोणती चाचणी, कुठे, शुल्क किती, हे तीन हेलपाटे घालूनही कोणी सांगितलं नाही. त्याच कार्यालयाच्या जिन्याखाली पांढऱ्या फिनाईलचे पाच-पाच लिटरचे कॅन रचलेले होते. मी वाकून बघितलं. घटकांचा एक शब्द त्यांवर नव्हता.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे ते असं. घर साफ करण्याच्या प्रत्येक वस्तूवर सगळे घटक, कशात मिसळू नये आणि सांडपाणी झाडांना चालेल की नाही, हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापलेलं असावं. नियम केंद्राचा आहे हे मला ठाऊक आहे. राज्यातर्फे आपण तो आग्रह धरावा. तोवर जे राज्याच्या हातात आहे ते करा. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, आश्रमशाळा यांच्या खरेदीत अट घाला की घटक लिहिलेले नसतील तर माल घेतला जाणार नाही. आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बचत गटांना परवडेल अशा दरात साबण-द्रव तपासून मिळेल अशी एकेक जागा ठरवून द्या. अहवाल आमच्या विरुद्ध आला तर आम्ही तो माल विकणार नाही, हे लिहून देते.

आमच्या बाटलीवरचं लेबल या पत्रासोबत जोडलं आहे. गटातल्या एकीची सातवीतली मुलगी ते हाताने लिहिते, आणि सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून तीच त्यांना वाचून दाखवते:

"रिठ्याची टरफलं, पाणी, लिंबूसत्त्व. डोळ्यांत जाऊ देऊ नये. कडप्पा आणि शहाबादी फरशीवर वापरू नये. जंतुनाशक नाही. चार दिवसांत संपवावे. उरलेले पाणी झाडांना चालते."

आपली,
अमळनेर तालुक्यातील एका महिला बचत गटाची सदस्य