मंगलला, डर्बनहून

डर्बन,
30 नोव्हेंबर 2025

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिले नाही आणि मधल्या काळात तुझे दोनदा फोन आले तेव्हाही वरवरचे बोलून ठेवून दिला, याची मला फार लाज वाटते. कामाचा ताण होता हे खरे, पण तेवढ्याने पत्र थांबत नाही हे तुलाही ठाऊक आहे. माझी तब्येत ठीक आहे, साखर आटोक्यात आहे. आज लिहायला बसले, कारण गेल्या मंगळवारी जे घडले ते या शहरात मला कोणापाशीच बोलता येत नाही. इथले लोक ऐकून घेतील आणि माझी समजूत घालतील. तू समजूत घालणार नाहीस, आणि म्हणूनच तुला लिहिते आहे.

एचआयव्हीची लागण टाळण्याच्या गोळ्यांची चाचणी आपण जिथे घेत होतो, पीटरमॅरिट्झबर्गच्या पलीकडच्या टेकड्यांतल्या आपल्या त्या दवाखान्यात मी गेले होते. पाण्याची टाकी अजून तिथेच आहे, जिच्या सावलीत आपण डबा खायचो. बाहेरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग ताई म्हणावे तशी हाक मारून विचारले, "सिसी, तू ती गोळ्या मोजणारी ना?" तिचे नाव मी लिहीत नाही. तू तिला ओळखशील. हिरवा रुमाल बांधून यायची, सोबत चार-पाच वर्षांची मुलगी असायची आणि तू त्या मुलीला कागदाच्या होड्या करून द्यायचीस. ती मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे.

आमचे बोलणे तासभर चालले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच जड गेले. आपण तिला दिलेल्या गोळ्यांची बाटली वाजायची, असे तिने सांगितले. ती आत कापूस कोंबून ठेवायची, तरी घरातल्या म्हाताऱ्या बाईला ती सापडली. शेजारचा माणूस एड्सने वारला तेव्हा त्याच्या उशाशी अशीच बाटली होती, त्यामुळे त्या घरात कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक भेटीच्या आदल्या रात्री ती हिशेब करून गोळ्या संडासाच्या खड्ड्यात टाकायची आणि बाटलीत नेमक्या तितक्याच ठेवायची. मग ती म्हणाली, "मी तुला सांगितले होते, सिसी. घरात ही बाटली ठेवायला जागा नाही, असे मी म्हणाले होते. तू म्हणालीस, कपड्यांच्या खाली ठेव."

मंगल, हे अक्षरशः खरे आहे. माझी त्या वर्षाची वही अजून माझ्याकडे आहे. घरी येऊन मी ती काढली. त्या तारखेला माझ्या अक्षरात "बाटली ठेवण्याची अडचण, सल्ला दिला" असे लिहिले आहे आणि पुढच्या रकान्यात "औषध नियमित घेते" अशी खूण आहे. त्यानंतर चार महिन्यांनी तिच्या तपासणीत विषाणू सापडला.

आता मार्च 2013 मधल्या त्या रात्रीबद्दल. एचआयव्ही टाळण्याच्या औषधांच्या व्हॉइस नावाच्या मोठ्या चाचणीचे आकडे अटलांटाच्या परिषदेत जाहीर झाले होते आणि आपण दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या 5029 स्त्रिया, दोन प्रकारच्या गोळ्या आणि एक जेल, आणि तिन्हींपैकी एकाचाही उपयोग दिसला नाही. विचारले आणि परत आलेले औषध मोजले, तर सुमारे नव्वद टक्के वापर निघत होता. रक्त तपासले, तर जास्तीत जास्त तीस टक्के नमुन्यांतच औषध सापडत होते. त्या चाचणीत दर शंभर स्त्रियांमागे वर्षाला जवळजवळ सहा जणींना लागण झाली. आपल्या चाचणीचेही तसेच होणार हे त्या रात्री मला कळले, आणि मी म्हणाले, "या बायकांनी खोटे बोलून आपली पाच वर्षे वाया घालवली." तू भाकरीचे पीठ मळत होतीस. हात तसेच ठेवून तू म्हणालीस, "मिरजेला गरोदर बायकांना दिलेल्या लोहाच्या गोळ्या मला उकिरड्यावर सापडायच्या, तेव्हा मी त्यांना खोटारड्या म्हटले नाही. त्यांच्या घरात जाऊन बसले." मी तुला भावनिक म्हणाले. तू दोन महिने माझ्याशी कामापुरतेच बोललीस आणि वर्षअखेरीस परत गेलीस. तू त्या भांडणामुळे गेली नाहीस, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले आहे.

भांडण तिथे संपले असते तर मी आज इतके लिहिले नसते. पुढे व्हॉइसमधल्या बायकांना त्यांच्याच रक्ताचे निकाल दाखवून, दोष न देता पुन्हा विचारले गेले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते तू आधीच म्हणाली होतीस. गोळ्या पाहून लोक आपल्याला आजारी समजतील, जोडीदार संशय घेईल, निरोगी अंगात आजाऱ्याचे औषध का घालायचे, अशी ती उत्तरे होती. 2010 साली व्हिएन्नात योनीत लावायच्या टेनोफोविर जेलने 39 टक्के लागण टळल्याचे जाहीर झाले, तेव्हा आपण दोघी नाचलो होतो. 889 स्त्रियांची ती चाचणी इथलीच होती आणि स्त्रीच्या स्वतःच्या हातातले साधन मिळाले असे आपल्याला वाटले होते. 2015 साली फॅक्ट्स नावाच्या मोठ्या चाचणीत तेच जेल टिकले नाही. तेव्हाही मी मनात म्हणाले की बायका वापरतच नाहीत. त्या का वापरत नाहीत हे विचारायला मी तेव्हाही गेले नाही.

त्या बाईने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "मूल होऊ नये म्हणून मी तीन महिन्यांचे इंजेक्शन घेत होते. ते घरात कोणाला दिसत नव्हते. ते देणारी नर्स आणि गोळ्या देणारी तू एकाच व्हरांड्यात बसायचात. तुम्ही एकमेकींशी बोलत नव्हता का?" त्या इंजेक्शनाची नोंद प्रत्येक अर्जावर होती, कारण गर्भनिरोधक घेतल्याशिवाय आपण कोणालाच चाचणीत घेत नव्हतो आणि दिवस गेले की आपले औषध बंद करत होतो. त्या रकान्याकडे मी अट म्हणून पाहिले. इथली स्त्री स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय घराला न कळता कसा घेते, हे तो रकाना मला रोज सांगत होता, आणि मी त्यावर फक्त खूण करत होते.

त्या इंजेक्शनाचीही एक जखम आहे, आणि तू गेल्यावर ती चिघळत राहिली. वर्णद्वेषी राजवटीने काळ्या स्त्रियांवर ते कसे लादले हे इथल्या आजींकडून तू ऐकले आहेस. 2011 साली त्यामुळे एचआयव्हीचा धोका दुप्पट होतो असा एक अभ्यास आला आणि त्यानंतर आठ वर्षे कोणालाही नीट उत्तर देता आले नाही. जून 2019 मध्ये हेच तपासणाऱ्या एको नावाच्या चाचणीचा निकाल लागला. चार देशांतल्या 7829 स्त्रियांना तीन महिन्यांचे इंजेक्शन, तांबी किंवा दंडात बसवायची कांडी यांपैकी एक साधन दिले होते, आणि तिन्हींत लागणीचा मोठा फरक निघाला नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र त्यातला दुसरा आकडा अजून टोचतो. दर भेटीला समुपदेशन आणि निरोध मिळत असतानाही त्यातल्या 397 जणींना लागण झाली, म्हणजे वर्षाला शंभरात जवळजवळ चार. त्या तर फक्त कुटुंब नियोजनासाठी आल्या होत्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये लेनाकापाविर या एचआयव्ही टाळणाऱ्या नव्या इंजेक्शनाची बातमी आली तेव्हा तुला फोन करावा असे फार वाटले, आणि केला नाही. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या सोळा ते पंचवीस वयाच्या 2134 मुलींना सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली ते इंजेक्शन दिले, आणि त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच चाचणीत त्याच वयाच्या ज्या मुलींना रोजची जुनी गोळी दिली होती, त्या 1068 जणींपैकी सोळा जणींना झाली, कारण बहुतेकींनी ती नेमाने घेतली नव्हती. शिवाय दिवस गेलेल्या मुलींनाही या वेळी बाहेर काढले नाही. तुझे म्हणणे इतक्या स्पष्ट आकड्यांत कधी मांडले जाईल असे मला वाटले नव्हते. बायकांना स्वतःला जपायचे होतेच. मी त्यांच्या हाती दिलेली वस्तू त्यांच्या घरात मावत नव्हती.

आता माझी काळजी. ती बाई मुलीला घेऊन याच इंजेक्शनासाठी आली होती. तिने रेडिओवर ऐकले होते. ऑक्टोबरमध्ये इथल्या औषध नियामकाने मान्यता दिली आहे, पण सरकारी दवाखान्यांत ते पुढच्या वर्षी येईल, आणि सुरुवातीला सगळीकडे नाही. मुलगी फारशी बोलली नाही. तिचा मित्र तिच्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा आहे, एवढे आईने सांगितले. हलाबिसा भागातल्या विषाणूंच्या जनुकीय अभ्यासात पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण देणारे पुरुष सरासरी 8.7 वर्षांनी मोठे निघाले होते, ते मला तिथल्या तिथे आठवले, आणि त्या मुलीसमोर मी ते बोलले नाही. आई म्हणाली, "एक दिले आणि दुसरे आलेच नाही, असे करू नका."

मी तिला काय सांगू? जानेवारीत अमेरिकेने एका आदेशाने परदेशी मदत थांबवली आणि चाचण्या मध्येच बंद पडल्या. काही स्त्रियांच्या अंगात चाचणीसाठी योनीत बसवलेली रिंग तशीच होती. हे औषध तर शरीरात वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ थोडे थोडे उरते. दुसरे इंजेक्शन चुकले आणि त्या उतरत्या काळात लागण झाली, तर विषाणू त्या औषधाला दाद न देण्याची शक्यता असते. अशा वेळी मधला उपाय म्हणून आम्ही त्या मुलीला काय देणार? रोजची गोळी, म्हणजे पुन्हा तीच बाटली. हैदराबादच्या दोन कंपन्या 2027 पासून वर्षाला 40 डॉलरांत हे औषध देणार आहेत, आणि ते बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एम्क्युअरही आहे, हे वाचून मला तुझ्यासोबत भोसरीला केलेल्या बसच्या फेऱ्या आठवल्या. पण त्या मुलीला 2027 पर्यंत थांबायला कसे सांगायचे?

त्याहून मोठी भीती वेगळी आहे. परवा प्रशिक्षणाच्या बैठकीत एक तरुण सहकारी म्हणाला, "सव्वीस आठवड्यांनी मुली परत येणार नाहीत, त्या बेफिकीर असतात." तो मनापासून काम करणारा मुलगा आहे. पण मला त्याच्या बोलण्यात माझाच 2013 सालचा आवाज ऐकू आला. नव्या अर्जात "भेट चुकली" असा रकाना आहे, आणि का चुकली हे लिहायला एक ओळसुद्धा नाही. दवाखान्यात औषधच नसेल, तरी खूण त्या मुलीच्याच नावापुढे पडेल.

तुझ्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींचे उत्तर आज देत नाही. नातीचे बारसे चांगले झाले असेल, मावशींचा डोळा आता बरा असावा. घराच्या वाटणीचे तू जे लिहिलेस त्याबद्दल मला राग आला आहे, पण त्यावर फोनवर बोलू.

ती बाई बरी आहे, हे लिहायचे राहिले. रोज औषध घेते आणि विषाणू मोजता येत नाही इतका कमी आहे. नंतर तिला मुलगा झाला, त्याला लागण नाही. तिची गोळ्यांची बाटली आता चुलीजवळच्या फळीवर उघडी असते, असे तिने स्वतःहून सांगितले. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मुलीचे बघ."

येत्या मंगळवारी त्या दोघी पुन्हा येणार आहेत. तुझ्याकडे माझी एक मागणी आहे. 2011 साली मुलाखतींसाठी तू तुझ्या अक्षरात चार पाने प्रश्न लिहिले होतेस, आणि मोजता येणार नाहीत असे सांगून मी ते परत केले होते. पहिला प्रश्न मला आठवतो: "घरात तुमची स्वतःची अशी एखादी जागा आहे का, जिथे दुसरे कोणी हात घालत नाही?" पुढचे आठवत नाहीत. तू कागद टाकत नाहीस हे मला माहीत आहे. ती पाने शोध आणि मंगळवारच्या आत त्यांचे फोटो पाठव.

तुझी,
वसुधा