चिऊच्या डोळ्यांबद्दल आईला पत्र

सॅन फ्रान्सिस्को

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "एवढ्याशा लेकराच्या डोळ्यात विष टोचलंत?" तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून चिऊच्या तिरळेपणाबद्दल नीट लिहिते.

डोळ्यात नाही टोचलं गं. बुबुळाला नाकाकडे ओढणारा स्नायू असतो, त्यात टोचलं. दोन्ही डोळ्यांच्या. गुंगी दिली होती, काही मिनिटांत झालंसुद्धा. औषध मूळचं विषच, बोटुलिनम, पण अगदी थेंबभर, मोजून दिलेलं. तिरळेपणावर ते वापरायची वाट याच गावात सापडली. डॉ. ॲलन स्कॉट यांनी आधी माकडांवर अभ्यास केला आणि १९८० साली माणसांवरचे अनुभव छापले. सुरकुत्यांचं बोटॉक्स म्हणतात ना, ते हेच. १९८९ मध्ये इथल्या सरकारने मान्यता दिली ती बारा वर्षांपुढच्यांसाठी. लहानग्यांना डॉक्टर स्वतःच्या अनुभवावर देतात. हे त्यांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं, म्हणून माझा विश्वास बसला.

स्नायू दोन-तीन महिने ढिला राहतो. तेवढ्यात तो थोडा लांबतो, बाहेरचा थोडा आखडतो, आणि औषध उतरलं तरी डोळे सरळ राहू शकतात. नाहीच राहिले तर पुन्हा इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन.

चौथ्या दिवशी तिची डावी पापणी अर्धी खाली आली. बघायचं झालं की हनुवटी वर करायची, तू चष्म्याच्या खालच्या काचेतून पोथी वाचतेस तशी. बुबुळं उलट बाहेरच्या बाजूला गेली. होणार हे माहीत होतं, तरी रात्री मी तिला मांडीवर घेऊन रडले. पाचव्या आठवड्यात पापणी उचलली. काल तिने ताटलीतला एकेक चुरमुरा चिमटीत धरून उचलला, एकदाही चुकली नाही.

मला सलतं ते निराळंच. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने इकडेतिकडे जातात. चिऊचे सहाव्या महिन्यातही आतच होते. पहिले डॉक्टर म्हणाले, थांबा, आपोआप जाईल. आम्ही थांबलो. दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र जुळवायला मेंदू याच वयात शिकतो. एक डोळा सारखा वळलेला राहिला तर मेंदू त्याचं चित्र सोडून देतो आणि तो डोळा मंद होतो. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

आई, वहिनीने बारशाचे फोटो पाठवले, त्यात अडीच वर्षांच्या ओजूचा उजवा डोळा मला आत वाटला. "तिरळं पोर नशीबवान" म्हणून सोडून देऊ नका. त्याला इंजेक्शनच लागेल असं नाही. त्या वयात पुष्कळदा चष्म्याच्या नंबरामुळे डोळा वळतो आणि चष्म्यानेच सरळ होतो. लहान मुलांचे डोळे बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. थेंब घालून नंबर तपासायला सांगा. दिवाळीनंतर वगैरे नको, याच आठवड्यात. वहिनीला वाईट वाटेल, तर माझं नाव सांग.

बाबांना नमस्कार. चिऊचा पापा.

तुझी,
मीना